न फाटलेली जाळी

लेलंड स्टोक्सला गिऱ्हाइकाशी गोड बोलणं कधी जमलं नाही. बावीस वर्षं मी त्याच्याबरोबर शिड्या वाहिल्या आणि तेवढ्या काळात निदान पन्नास कामं त्याच्या तोंडापायी गेलेली पाहिली. बोलताना मी त्याला मिस्टर लेलंड म्हणायचे, आमच्याकडची तशी रीतच आहे. मनात मात्र म्हाताराच म्हणायचे, आणि तो तेव्हा पन्नाशीचाही नव्हता.

आमचं काम पिंजऱ्यांचं. इथे खाडीकाठच्या पुंटा गोर्डा गावात घरटी मागच्या अंगणात पोहण्याचा हौद असतो आणि हौदावर पिंजरा असतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा उभारायचा, त्याच्या खाचांमध्ये जाळी ताणून रबरी दोरीने गच्च बसवायची. जाळी नसेल तर डास, चिलटं आणि कालव्यातून वर येणारी सगळी जनावरं यांच्या संगतीत पोहावं लागेल. ऊन जाळीला खातं आणि खारा वारा स्क्रूंना. दर काही वर्षांनी कुणीतरी वर चढून हे सगळं बदलायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही दोघं.

एकदा ओहायोहून नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थाने आम्हाला बोलावलं. पांढरे मोजे, गळ्यात चष्मा, हातात कुठल्यातरी कंपनीचं रंगीत पत्रक.

"मला ही जाळी हवी," तो म्हणाला. "कुत्र्याने नखं मारली तरी फाटत नाही म्हणे."

"कुत्रा आहे?" लेलंडने विचारलं.

"नाही."

"मग नखं कोण मारणार, तुमची मंडळी?"

गृहस्थ हसला नाही. मी शिडीकडे बघत राहिले. लेलंड वर चढला, एका आडव्या पट्टीतल्या स्क्रूला पेचकसाने जेमतेम पाव वळसा दिला आणि खाली उतरून स्क्रूचं नुसतं डोकं त्या माणसाच्या तळहातावर ठेवलं.

"बघा. वरून रंग, आतून पीठ. घराबरोबरचाच पिंजरा ना? म्हणजे पस्तीस वर्षांचा. आधी स्क्रू बदलू, सगळे, बिनगंजाचे घालू. मग साधी जाळी लावू."

"साधी जाळी वादळात फाटेल."

"फाटायलाच पाहिजे. फाटली की वारा आरपार जातो आणि सांगाडा उभा राहतो. जाळी दोन दिवसांत नवी लावता येते. सांगाडा पडला तर वर्ष जातं."

"म्हणजे कच्चा माल लावायचा आणि वर हे तत्त्वज्ञान ऐकवायचं," तो गृहस्थ म्हणाला. "धंदा बरा आहे तुमचा."

ते काम गेलं. असं आमचं जायचंच. दहा वर्षांची हमी छापून देणारा एक नवा ठेकेदार गावात आला होता, लोक तिकडे रांगा लावत होते. हमी असायची जाळीची. ती जाळी ज्या पिंजऱ्यात बसवायची त्याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नसे, आणि कागद वाचतो कोण? नाकापेक्षा मोती जड झाला की नाक फाटतं, हे कळायला चष्मा लागत नाही. पण जुन्या, खंगलेल्या पिंजऱ्यांवर ती पोलादासारखी जाळी चढत गेली आणि माझं डोकं फिरत गेलं.

लेलंडकडे टिकून राहिलेली गिऱ्हाइकं जुनी होती, दोन हजार चार सालचं वादळ पाहिलेली. त्यांच्यासाठी त्याचा एक रिवाज होता. वादळ दोन दिवसांवर आलं की आम्ही सुऱ्या घेऊन निघायचो. प्रत्येक पिंजऱ्याच्या छताची आणि वाऱ्याच्या बाजूची जाळी उभी-आडवी चिरायची आणि पुढच्या घरी जायचं. वादळ सरलं की नवी जाळी लावून द्यायची. दोरी उपसून जाळी अख्खी काढताही येते, पण त्यात एका पिंजऱ्याचा एक दिवस जातो, आणि वादळ तेवढी उसंत देत नाही. नवे शेजारी कुंपणाआडून बघायचे आणि पोलिसांना बोलवावं का याचा विचार करायचे. एका बाईने खरंच बोलावलं होतं. पोलीस आला, त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "मिस्टर स्टोक्स, माझ्या आईकडे कधी येताय?"

आता मिस ग्लेंडाबद्दल सांगते, कारण या सगळ्याचा जीव तिच्यात होता.

ग्लेंडा म्हणजे लेलंडची बायको; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. बुटकी, हसरी, आणि लेलंडला ज्या स्वरात ती "अहो राजे" म्हणायची तो स्वर ऐकून कालव्यातली मगरसुद्धा वळली असती. तिच्या हातचा धुरावलेल्या मासळीचा लगदा आणि खारी बिस्किटं खात मी त्या घरात किती दुपारी काढल्या याची गणती नाही. अडुसष्टाव्या वर्षी तिला झटका आला आणि डावी बाजू गेली. हात बराचसा परत आला. पाय आला नाही. जमिनीवर ती चौपायी, म्हणजे चार पायांचा चालायचा आधार, धरून कशीबशी चार पावलं टाकायची. पाण्यात मात्र चालायची. छातीपर्यंत पाणी असलं की तो पाय ऐकायचा. रोज सकाळी ती पायऱ्यांपासून खोल भागाच्या दोरीपर्यंत चाळीस फेऱ्या मारायची, मोठ्याने मोजत. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं: हे थांबलं की पाय गेला, तो पुन्हा यायचा नाही. तेव्हापासून त्या हौदाची, त्या पाण्याची आणि त्यावरच्या पिंजऱ्याची लेलंड देवघरासारखी निगा राखायचा.

एकच अडचण होती. पहाटेची बारीक चिलटं आमच्या साध्या जाळीच्या भोकांतून खुशाल आत येतात. ग्लेंडाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे चिलट चावलं की थेंबभर रक्त यायचं आणि ते थांबायचं नाही. पाण्यातून बाहेर आली की तिचे खांदे लाल ठिपक्यांनी भरलेले असायचे. ती म्हणायची, "त्यांनाही न्याहारी लागतेच की." तिच्या मुलाला, क्लेटनला, ते बघवायचं नाही.

क्लेटन उत्तरेला दोन तासांवर, टँपाला एका कचेरीत नोकरीला. एक रविवार आड करून यायचा. आईवर जीव, बापाशी जेवढ्यास तेवढं. त्यालाही कारण होतं, आणि ते कारण लेलंडच होता. आई इस्पितळातून घरी यायच्या आधी क्लेटनने दोन दिवस खपून पुढच्या दाराशी तिच्या खुर्चीसाठी लाकडी उतार बांधला होता. आयुष्यात पहिल्यांदा करवत धरलेला माणूस; अंगठ्याचं नख काळंनिळं करून घेतलं त्याने. तो टँपाला परतला आणि दुसऱ्याच दिवशी लेलंडने पहार घालून तो उतार उखडला आणि नव्याने बांधला. उतार जास्त होता, हे खरं. फळ्यांमध्ये फटी होत्या, हेही खरं. पण पुढच्या रविवारी क्लेटन आला, गाडीतून उतरला, त्या उताराकडे पाहत उभा राहिला आणि शेवटी गवतातून चालत घरात गेला. त्यानंतर त्याने त्या घरात कधी हातोडी उचलली नाही. लेलंडला मी म्हटलं होतं, "तो इथे असताना त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचा ना." म्हातारा म्हणाला, "बरोबर म्हणजे बरोबर. त्यात विचारायचं काय?"

मग लेलंडच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दहा दिवसांत घरी येणार होता, पण जखम चिघळली आणि दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात एका संध्याकाळी क्लेटनचा मला फोन आला.

"ट्रीना, डॅडी यायच्या आत पिंजऱ्याची जाळी बदलायचीय. ती बारीक भोकांची, मजबूत. चिलटं आत येणार नाहीत अशी. माल मी आणलाय."

"तुमच्या डॅडींना आवडणार नाही."

"डॅडींना माझं काय आवडलंय आजवर? मॉमसाठी करतोय मी."

मी जाऊन बघितलं. तो पिंजराही जुनाच, लेलंडने स्वतः उभारलेला. गिऱ्हाइकांचे स्क्रू बदलता बदलता स्वतःच्या घरचे राहूनच गेले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खालचे त्याने दोन वर्षांपूर्वी बदलले होते, वरचे तीनशे एक तसेच होते.

"ही जाळी लावायची तर वरचे स्क्रू आधी बदलायला हवेत," मी क्लेटनला म्हटलं. "वारा या जाळीतून जात नाही, सगळा भार सांगाड्यावर येतो."

"किती दिवस लागतील?"

"डोकी तुटणार. एकेक पोखरून काढावा लागेल. दोन आठवडे धरा."

"पुढच्या वर्षी करू. डॅडी शनिवारी येतायत."

मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. शनिवार जवळ आला होता, आणि आईसाठी काहीतरी स्वतः करतोय म्हणून तो मुलगा इतका खूश होता की माझीही जीभ लुळी पडली. चार दिवसांत मी जाळी चढवली. क्लेटन रजा घेऊन आला होता, खाली उभा राहून रबरी दोरी सोडत होता, घामाने निथळत होता. काम देखणं झालं, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते.

शनिवारी लेलंड काठी टेकत मागच्या अंगणात आला. क्लेटन आईच्या खुर्चीमागे उभा होता. म्हाताऱ्याने जाळीवर तळवा टेकवून दाबलं. जाळी तसूभरही हलली नाही. मग त्याने मान वर करून आडव्या पट्ट्यांकडे पाहिलं, आणि मी दुसरीकडे पाहिलं.

"कोणी लावली?"

"मी," मी म्हटलं.

"मी आणली," क्लेटन म्हणाला.

ग्लेंडा म्हणाली, "अहो राजे, काल-आज एक चिलट चावलेलं नाही मला. हे बघा खांदे."

लेलंडने खांदे पाहिले. "छान झालंय," तो म्हणाला, आणि आत गेला. क्लेटनच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण बक्षीस मिळाल्यासारखा दिसत होता.

मला बाजूला घेऊन लेलंडने एकच प्रश्न विचारला. "वरचे स्क्रू?"

"राहिलेत."

"मला आता शिडी वर्ज्य आहे. तुलाच करावे लागतील."

"ऊन उतरलं की घेते. ऑक्टोबरात."

वादळांचा मोसम ऑक्टोबराची वाट बघत नाही, हे बावीस वर्षं हाच धंदा करणाऱ्या बाईला कुणी शिकवायला हवं का? पण त्या उन्हाळ्यात मी एकटीच दोघांचं काम ओढत होते, आणि घरचं काम म्हणजे उद्याचं काम. दुसऱ्यांना नावं ठेवायला माझी जीभ लांब आहे. इथे ती आखडते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वादळ आलं. सगळे म्हणत होते की ते टँपाकडे जातंय. आमच्याकडच्या जुन्या माणसांचा त्यावर विश्वास नसतो. आमच्या खाडीच्या तोंडाशी येऊन वादळ वळतं, चार साली असंच वळलं होतं. मी आणि लेलंड दोन दिवस सुऱ्या घेऊन फिरलो. तो ट्रकमध्ये बसून यादी वाचायचा, मी चढायचे आणि चिरायचे. बावीस घरं झाली. मी दोनदा म्हटलं, "आधी तुमचं करून घेऊ." तो म्हणाला, "लोकांना शब्द दिलाय. घर कुठे पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आम्ही त्याच्या घरी पोहोचलो. कालव्याकाठच्या सगळ्यांनी सहापर्यंत गाव सोडावं असा हुकूम निघाला होता. सामान दाराशी बांधून ठेवलेलं होतं. मी शिडी लावली, लेलंडने ती खालून धरली. इतकी वर्षं मी धरायचे आणि तो चढायचा. मी वर पोहोचले, जाळीला सुरीचं टोक लावलं आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"ट्रीना, खाली उतर."

मिस ग्लेंडा चौपायी धरून दारात उभी होती. उभं राहायला तिला किती कष्ट पडतात ते मला माहीत होतं.

"मिस ग्लेंडा, अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हटलं.

"मला माहीत आहे किती वेळाचं आहे. चव्वेचाळीस वर्षं या माणसाबरोबर काढलीत मी." मग ती लेलंडकडे वळली. "चिरू नका ती."

"ग्लेंडा, हा हट्ट करायची वेळ नाही."

"क्लेटनचा आत्ताच फोन आला होता. म्हणाला, हमीच्या कागदावर लिहिलंय की ताशी दीडशे मैलांचा वारा सोसेल. म्हणाला, डॅडींना सांग, एकदा तरी माझ्यावर भरवसा ठेवा."

"दीडशे मैल जाळी सोसेल. सांगाडा कुठे सोसणार?"

"टँपाकडे चाललंय ते."

"वळलं तर?"

"वळलं तर वळलं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही त्याचा उतार उखडलात. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण झटक्यानंतर मला बोलताच येत नव्हतं. तीन महिने मी रोज त्या उतारावरून जायचे आणि मला त्याचं काळंनिळं झालेलं नख दिसायचं. हे त्याने पुन्हा केलंय. त्याला किती जड गेलं असेल याचा विचार करा. तो रविवारी येईल आणि बघेल की डॅडींनी हेही फाडलं. मग तो परत यायचा नाही, लेलंड. मला पाय नसला तरी चालेल, मुलगा हवाय."

लेलंडने शिडी धरलेली होती. मी वरून त्याच्या टकलाकडे बघत होते. मला वाटलं, आता तो म्हणेल, बरोबर म्हणजे बरोबर. मी सुरी दाबून धरली होती, नुसता हात खाली ओढायचा होता. पहिला काप मी मारला असता तर बाकीचं आपोआप झालं असतं, आणि शिव्या मी खाल्ल्या असत्या. मी परकी होते, मला काय फरक पडला असता?

"उतर," लेलंड म्हणाला.

"मिस्टर लेलंड..."

"उतर म्हणतोय ना."

मी उतरले.

आम्ही तिघांनी किनाऱ्यापासून आत, आर्केडियातल्या शाळेत, बास्केटबॉलच्या मैदानावर अंथरलेल्या चटयांवर, अडीचशे लोकांबरोबर वादळ काढलं. उकडलेल्या शेंगा, गरम सोडा आणि कुणाचं तरी रडणारं पोर. दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओने सांगितलं, वादळ आमच्याकडे वळलं. लेलंड भिंतीला टेकून बसला होता. ग्लेंडाने त्याचा हात धरला, आणि त्याने तो धरू दिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी परत आलो. आधी वाटेवरची घरं लागली. आम्ही चिरलेले पिंजरे उभे होते. जाळ्यांच्या चिंध्या लोंबत होत्या, पण सांगाडे सरळ. बाविसांतले एकवीस. लोक रस्त्यावर येऊन लेलंडला हात करत होते. एका म्हातारीने ट्रकच्या खिडकीतून हात घालून त्याचा गाल धरला आणि म्हणाली, "लेलंड, देव तुझं भलं करो." तो "हो, हो" म्हणत राहिला.

त्याच्या घरी अंगणात पिंजरा नव्हता. तो हौदात होता. सगळा सांगाडा मुळापासून दुमडून पाण्यात बसला होता, आडव्या पट्ट्यांची टोकं बाहेर आलेली, आणि त्या टोकांनी हौदाच्या पायऱ्या आणि तळ फोडला होता. कालव्याचं खारं पाणी आत शिरून पंप बुडाला होता. मी जवळ जाऊन पाहिलं. जाळी कुठेही फाटली नव्हती. एक भोक नाही. कागदावर जे लिहिलं होतं ते शब्दशः खरं ठरलं.

ग्लेंडा गाडीतून उतरली नाही. काचेतून बघत होती. "चला, आत जाऊ या," एवढंच म्हणाली.

विम्याच्या माणसाने फोनवर बजावलं, मी येऊन पाहीपर्यंत कशाला हात लावू नका. तो सात आठवड्यांनी आला, दहा मिनिटं थांबला आणि म्हणाला, पिंजरा विम्यात बसत नाही. मग बांधकामाचा परवाना. परवान्याच्या कचेरीचंच छप्पर उडालं होतं. मग माल. सगळ्या किनाऱ्याचे पिंजरे पडलेले, ॲल्युमिनियम मिळायचं नाही. हौद दुरुस्त करणारा फोन उचलायचा नाही. पाणी हिरवं झालं, मग काळं. त्यात बेडूक झाले. गावातला सार्वजनिक हौद बंद, व्यायामशाळेचा हौद बंद. डिसेंबरात लेलंड तिला एकदा खाडीवर घेऊन गेला, गुडघाभर पाण्यात उभं करायला. डॉक्टरला कळलं तेव्हा तो ओरडला, कारण वादळानंतरच्या त्या घाणेरड्या पाण्यात एक ओरखडा जरी पडला असता तरी जंतू आत शिरून ती गेली असती.

ग्लेंडा घरात चौपायीवर चाळीस पावलं मोजायचा प्रयत्न करायची. मग वीस. फेब्रुवारीत ती मोजत नव्हती. एप्रिलमध्ये चौपायी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडू लागले.

या सगळ्यात क्लेटन आता दर शनिवारी यायचा. हौदातला सांगाडा त्यानेच कापून काढला, पट्टी पट्टी, हातमोजे फाटेपर्यंत. बापाशी बोलायचा नाही. मला विचारलं होतं त्याने, वादळानंतरच्या पहिल्याच रविवारी. "तुम्ही बाकीच्यांच्या जाळ्या चिरल्या, मग आमची का नाही?" मी म्हटलं, वेळ संपला होता. ग्लेंडाने मला आधीच बजावलं होतं, "त्याचा निरोप मी दिलाच नाही, असं सांगितलंय मी त्याला. त्याला कळता कामा नये की मी त्याच्यासाठी थांबवलं. त्याला वाटेल त्याच्यामुळे झालं." मी मिस ग्लेंडाचा शब्द मोडलेला नाही. आणि स्क्रूंबद्दल मी त्याला एकदाच सांगितलं होतं, तेही त्याला आठवत होतं की नाही देव जाणे. त्याने कधी विषय काढला नाही, मीही नाही.

नवा पिंजरा उभा राहायला जून उजाडला. प्रत्येक स्क्रू बिनगंजाचा. प्रत्येक स्क्रू लेलंडने खालून बोट दाखवून माझ्याकडून दोनदा तपासून घेतला. जाळी साधी. हौदाला नव्या पायऱ्या, नवा तळ, नवा पंप. पाणी इतकं निळं की डोळे दुखावेत. त्या शनिवारी क्लेटनने आईला उचलून पायऱ्यांवरून पाण्यात नेलं, आणि तिने कठडा धरला. लेलंड काठावर उभा होता. मी पिंजऱ्याच्या दारापाशी.

"टाका पाऊल, मिस ग्लेंडा," मी म्हटलं.

तिने उजवा पाय पुढे ठेवला. डावा आला नाही. तो पाण्याने उचलला आणि बाजूला तरंगत राहिला. तिने खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा प्रयत्न केला. क्लेटनने हाताने तो पाय धरून तळाला टेकवला. हात सोडला की पाय वर यायचा.

"मॉम, पहिलाच दिवस आहे," तो म्हणाला.

"हो ना." तिने कठडा सोडून त्याचा खांदा धरला. मग म्हणाली, "बाहेर घे मला, बाळा. थंडी वाजतेय."

जूनमधलं पाणी होतं ते, आंघोळीच्या पाण्याइतकं गरम. क्लेटनने तिला बाहेर आणून खुर्चीत बसवलं, टॉवेल गुंडाळला. मग तो बापाकडे वळला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"डॅडी, तुम्ही जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाहीत. माझं तर कधीच नाही. मी केलेलं जे काही होतं ते तुम्ही दुसऱ्या दिवशी उखडलंत. मग त्या दिवशीच का नाही उखडलंत?"

माझ्या ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलं आणि मिस ग्लेंडाने टॉवेलातून माझ्याकडे पाहिलं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी तिचा असा राग आला की ती झटका आलेली म्हातारी बाई आहे हेही मी विसरले. आणि लेलंडचाही आला, कारण तो काय करणार हे मला दिसत होतं.

"चुकलं माझं," लेलंड म्हणाला. "मला वाटलं होतं टँपाकडे जाईल. अंदाज चुकला."

बावीस वर्षांत त्याच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आणि नेमके त्या दिवशी ते खोटे होते.

क्लेटनने मान हलवली. "ते मला माहीतच होतं, डॅडी," तो म्हणाला, आणि आईची खुर्ची ढकलत घरात घेऊन गेला.